सायकल, पाऊस आणि हिवाळ्यातली पहाट



वैशाखाच्या तोंडावर, अंगाची लाही होत असताना, पावसाविषयी आणि थंडीविषयी बोलायला उभे राहणे काहीसे विपरीत वाटेल. परंतु घर शाकारायचे ते मृगाच्या आधी आणि सरपण भरायचे तेही मृगाच्या आधी, हा आपल्याकडचा जुना परिपाठ आहे. सरी कोसळू लागल्यावर कौलावर चढणाऱ्याची फजिती कशी होते ती आपण सर्वांनी पाहिली आहे. सायकलीचेही तसेच आहे. आषाढात ब्रेक लागत नाही म्हणून, किंवा मार्गशीर्षात दिवा नाही म्हणून धावपळ करण्यापेक्षा या दोन मोकळ्या महिन्यांत विचार करून ठेवलेला बरा.

दुसरी शंका अशी की, व्याख्यानमालेत जिथे इतिहास, अर्थकारण, वेदान्त असे भारदस्त विषय मांडले जातात, तिथे सायकलीसारखी साधी वस्तू कशाला? शिवाय आता घरोघरी मोटारसायकली आल्या आहेत. हे खरे, तथापि पहाटे साडेपाचला आपल्या गावाच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, दोन बाजूंना कॅन अडकवलेला दूधवाला, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, थैलीत थापी आणि ओळंबा घेऊन निघालेला मिस्त्री, आणि थोड्या वेळाने शिकवणीला निघालेल्या मुलींचा घोळका, ही सर्व मंडळी सायकलीवरच असतात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतील विद्यार्थिनींना सायकली मिळाल्या, त्यामागचा हेतूच असा होता की अंतरामुळे शिक्षण सुटू नये. जिथे एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, तिथे सायकल म्हणजेच शाळा. ती मुलगी एकदा चिखलात घसरून पडली, किंवा अंधारात ट्रक तिच्या अंगावरून जाता जाता राहिला, की घरची माणसे म्हणतात, 'राहू दे आता.' एका मडगार्डाच्या आणि एका लाल दिव्याच्या अभावी शिक्षण थांबावे, ही गोष्ट लहान नव्हे.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे. सायकलस्वाराने आपल्या पैशाचा आणि लक्षाचा क्रम लावून घ्यावा. आधी दिसणे, मग थांबणे, आणि त्यानंतर कोरडे राहणे. आपण बहुधा उलटा क्रम लावतो. पावसाळा आला की रेनकोट विकत घेतो. ब्रेकचे रबर झिजले आहे आणि मागे दिवा नाही, याची आठवण कोणाला राहत नाही. मी मात्र बोलताना शेवटाकडून आरंभ करणार आहे. भिजण्याची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परिचिताकडून अपरिचिताकडे जाणे सोपे पडते.

आपला मुलूख

प्रथम आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणू. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे दोन भाग केले आहेत, आणि बोलण्यातही आपण 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असेच म्हणतो. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे तालुकेही घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही पूर्णेच्या खोऱ्यातली सपाटी अडीचशे-तीनशे मीटरांच्या आसपास. बुलढाण्याहून मलकापूरकडे जायचे तर राजूरचा घाट, खामगावकडे जायचे तर बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगेचे जंगल. म्हणजे एकाच जिल्ह्यात सायकलस्वाराला दोन निरनिराळ्या परीक्षा द्याव्या लागतात. वर उताराची आणि बोचऱ्या वाऱ्याची, खाली काळ्या मातीच्या चिखलाची आणि धुक्याची.

पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हिवाळा एरवी कोरडा. परंतु अवकाळीचा भरवसा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली ती शेतकरी विसरलेला नाही, आणि फेब्रुवारी २०१८ मध्येही जालना-बुलढाणा या पट्ट्यावर गारांचा मारा झाला. अशा पावसाचे विशेष हे की तो थंडीच्या दिवसांत येतो, आणि त्या वेळी रेनकोट माळ्यावर गेलेला असतो. पावसाळ्यात भिजलेल्या माणसाला हुडहुडी भरते ती घरी आल्यावर. माघात भिजलेल्याला ती वाटेतच भरते. म्हणून आपल्याकडे कोरडे राहण्याची खरी गरज हिवाळ्यात अधिक आहे, आणि तिची तयारी मात्र हिवाळ्यातच सर्वांत कमी असते.

ओलावा तीन वाटांनी येतो

सायकलस्वाराला वाटते की पाणी वरून येते. वस्तुतः ते तीन वाटांनी येते: वरून, खालून आणि आतून.

खालून येणारे पाणी अधिक घाण आणि अधिक त्रासदायक. चाक फिरते तेव्हा त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, आणि माथ्यावरचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे धावत असतो. टायरने उचललेले पाणी या गतीने सुटते. पुढच्या चाकाचे पाणी पायांवर आणि चेनवर येते, मागच्या चाकाचे पाठीवर आणि दप्तरावर. मडगार्ड हा याला उपाय आहे. पण तो पुरेसा लांब हवा. पुढच्या मडगार्डाच्या टोकाला जुन्या ट्यूबचा किंवा रबराचा वीतभर तुकडा, जमिनीपासून चार बोटे वर राहील असा लावला, तर पावले आणि चेन दोन्ही वाचतात. काळी, उभी, जुन्या धाटणीची सायकल पाहून आजची मुले नाक मुरडतात. ती धाटणी विलायतेतल्या पावसाळी हवेत घडली. म्हणून तिला पूर्ण मडगार्ड आणि चेनकव्हर असे. पुढे १९५० च्या सुमारास आपल्या देशात सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले तेव्हा हीच धाटणी खेडोपाडी गेली. गिअरच्या नव्या सायकली दिसायला देखण्या, पण पुष्कळदा त्यांना मडगार्डच नसते. अशी सायकल घेतली असेल तर पहिला खर्च मडगार्डाचा करावा.

इथे काळ्या मातीचा अपवाद सांगितला पाहिजे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि गोंदासारखी धरते. पांदणीतून सायकल नेली की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा थर बसत जातो आणि शेवटी चाक जागच्या जागी अडते. मग सायकलीवर बसण्याऐवजी सायकलच खांद्यावर बसते. हा देखावा आपल्या खेड्यांत नवा नाही. ज्यांचा रोजचा रस्ता अशा रानातून आहे त्यांनी मडगार्ड टायरपासून दोन बोटे दूर राहील असे बसवून घ्यावे, कॅरिअरला चिखल काढण्यापुरती एक चपटी काडी बांधून ठेवावी, आणि शक्य तर सायकल पक्क्या रस्त्यालगतच्या घरी ठेवून उरलेली पांदण पायी चालावी.

तिसरी वाट आतली. पायडल मारताना शरीर जी शक्ती खर्चते तिच्यातला जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. उरलेल्याची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. अशा वेळी अंगावर सर्व बाजूंनी बंद असा प्लास्टिकचा रेनकोट असेल तर घाम बाहेर जायला वाटच राहत नाही. दोन-तीन मैल चालवल्यावर रेनकोट काढून पाहावा. सदरा ओलाच निघतो, आणि मनुष्य म्हणतो की कोट गळतो. कोट गळत नाही. पाणी आतलेच असते.

यावर उपाय आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पावसात तो घोंगडीची किंवा पोत्याची खोळ डोक्यावरून घेतो. ती वरून झाकते, खालून मोकळी राहते. पाणी ओघळून जाते, वारा आत खेळतो. युरोपातल्या सायकलस्वारांनी जो केप म्हणून वापरला तो याच तत्त्वाचा. तो पुढे हँडलवर पसरायचा, मागे सीटच्या खालपर्यंत सोडायचा. खालच्या बाजूने हवा येते, मांड्याही झाकल्या जातात. मात्र वाऱ्याने तो शिडासारखा फुगतो, म्हणून त्याला आतून कमरेला बांधायचा बंद हवा. ज्यांना कोटच घ्यायचा त्यांनी काखेत आणि पाठीवर हवेची भोके असलेला घ्यावा, आणि चढावर गळ्याची गुंडी सोडावी. छत्री मात्र सायकलीवर उघडू नये. एक हात छत्रीत गेला की एक ब्रेक गेला. आणि मिटलेली छत्री हँडलला टांगली तर तिची दांडी पुढच्या चाकाच्या तारांत अडकून चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. हीच गोष्ट ओढणीची, साडीच्या पदराची, मफलरच्या सुट्या टोकाची आणि रेनकोटच्या लांब घोळाची. मागच्या चाकाला जाळी बसवून घेणे आणि घोळ कमरेत खोचणे यांत कमीपणा मुळीच नाही.

ओलेपणा आणि थंडी

भिजण्याचा त्रास नुसत्या अस्वस्थतेचा असता तर त्याबद्दल इतके बोलण्याचे कारण नव्हते. ओल्या कपड्यातले पाणी सुकताना शरीराची उष्णता घेऊन जाते. हिशेब सोपा आहे. शंभर ग्रॅम पाणी, म्हणजे अर्धे फुलपात्र म्हणा, वाफ होऊन उडायला सुमारे अठ्ठावन्न किलोकॅलरी उष्णता लागते. स्वस्थ बसलेला मनुष्य तासाभरात साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. म्हणजे सदऱ्यातले अर्धे फुलपात्र पाणी आपली चाळीस मिनिटांची कमाई खाऊन टाकते. सायकलीवर त्यात वाऱ्याची भर पडते. हवा दहा अंशांची असताना ताशी वीस किलोमीटरने गेले, तर उघड्या कातडीला ती सात अंशांसारखी बोचते. उतारावर वेग दुप्पट झाला तर सहा अंशांसारखी. आपल्याकडे पौषातल्या पहाटे पारा कधी कधी दहाच्याही खाली जातो, तेव्हा हा हिशेब कागदावरचा राहत नाही.

थंडीने पहिल्यांदा बोटे बधिर होतात, आणि सायकलीचा ब्रेक बोटांनीच ओढायचा असतो. म्हणजे हातमोजा ही चैनीची वस्तू नसून ब्रेकचाच एक भाग आहे. लोकरीचा मोजा उत्तम. त्यावर पाऊस असेल तर प्लास्टिकची पिशवी चढवली तरी चालते, फक्त बोटांची हालचाल मोकळी राहिली पाहिजे. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी काही ऊब धरून ठेवते. सुती कापड भिजले की अंगाला चिकटते आणि ऊब सोडते. म्हणून थंडीत अंगालगत लोकरी, आणि त्यावर वारा अडवणारे पातळ कापड, असा क्रम ठेवावा. घाट उतरण्यापूर्वी सदरा आणि स्वेटर यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राची घडी घालावी. फ्रान्समधल्या मोठ्या सायकल-शर्यतींत आल्प्सचे घाट उतरणारे पट्टीचे सायकलपटू हेच करीत आले आहेत; आपल्या पेपरवाल्या मुलाजवळ तर कागदाला तोटा नाही. कानटोपी घालावी, पण इतकी घट्ट नको की मागून येणाऱ्या वाहनाचा आवाजच ऐकू येऊ नये.

थांबण्याची कला

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. पावसात सायकल का थांबत नाही? पुष्कळांना वाटते की टायर पाण्यावर तरंगतो. मोटारीच्या बाबतीत भर वेगात तसे होते. सायकलीचा टायर अरुंद आणि हवेने कडक भरलेला असल्याने तो पाणी चिरून खाली जातो. तो तरंगायला ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेग लागेल. खरी अडचण ब्रेकमध्ये आहे. जुन्या सायकलींच्या रिमा पोलादाच्या आणि वर चकाकीचा मुलामा दिलेल्या. अशी रिम ओली झाली की तिच्यावर रबराची पकड कोरड्या रिमेच्या मानाने कित्येक पटींनी घटते. ब्रेक दाबल्यावर पहिले काही फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात. अठ्ठावीस इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. पाच फेरे पुसण्यात गेले तर अकरा मीटर अंतर निघून गेले, आणि तोवर वेग फारसा कमी झालेलाच नाही. समोर म्हैस आडवी आली असेल तर एवढे अंतर कुठून आणायचे?

याचे उत्तर असे की पावसात ब्रेक दोनदा लावायचा. चौक, वळण किंवा गर्दी दिसू लागताच, थांबण्याची वेळ येण्यापूर्वीच, दोन्ही ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यायची; मग खऱ्या गरजेच्या वेळी पकड मिळते. एकदम आवळून चाक जाम करू नये. जाम झालेले चाक घसरते, आणि पुढचे चाक घसरले तर तोल सावरता येत नाही. नवी सायकल किंवा नवे चाक घेताना ॲल्युमिनियमची रिम घ्यावी. ओलेपणात तिच्यावर पकड पुष्कळ बरी राहते. ज्यांचा ब्रेक चाकाच्या मध्यभागी डब्यात किंवा तबकडीवर असतो त्यांना ही अडचण आणखी कमी. आणि ब्रेकचे रबर झिजून त्याच्या खाचा नाहीशा झाल्या असतील, तर ते बदलायला मृगाची वाट पाहू नये. इतक्या स्वल्प खर्चात जीव वाचवणारी दुसरी वस्तू सायकलीच्या दुकानात नाही.

घाटाचा हिशेब निराळा मांडावा लागतो. पासष्ट किलोचा मनुष्य आणि वीस किलोची सायकल मिळून तीनशे मीटर खाली उतरली, तर त्यातून साठ किलोकॅलरी इतकी उष्णता निघते. एवढ्या उष्णतेने लिटरभर पाणी चहाच्या आधणाच्या जवळपास येईल. यातला काही भाग वारा घेतो, उरलेला सर्व त्या चार बोटभर रबरांना सोसायचा असतो. वेग वाढू दिला आणि मग आवळला, तर रबर तापून निसटते होते. म्हणून राजूरचा किंवा बोथ्याचा घाट उतरताना आरंभापासूनच वेग आवरून धरावा, पुढचा आणि मागचा ब्रेक आळीपाळीने सैल करावा, मध्ये एकदा उभे राहून चाके निवू द्यावी. वळणावर ब्रेक लावू नये. वळणाच्या आधी लावून घ्यावा. पावसात किंवा धुक्यात उतरण्याची वेळ आलीच तर हातात सायकल धरून चालत उतरावे, किंवा एस.टी.च्या टपाची विनंती करावी. यात शौर्य कमी होत नाही.

रस्त्यावर कुठे घसरते हे ध्यानात ठेवावे. पावसाची पहिली सर सर्वांत वाईट, कारण उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ यांचे तिच्यात लोणी होते. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणे, शेण, ओला पालापाचोळा आणि शेतातून आलेल्या ट्रॅक्टरने डांबरावर सोडलेली काळी माती, ही पुढची ठिकाणे. रेल्वेचे रूळ ओले असताना ते काटकोनातच ओलांडावे. तिरपे गेलात तर चाक रुळाच्या खाचेत उतरते. अशा सर्व जागी नियम एकच आहे: ब्रेक नाही, वळण नाही, सरळ जायचे.

पुराच्या पाण्याविषयी मात्र नियम वेगळा आहे, तो म्हणजे जायचेच नाही. फरशीवरून गुडघाभर पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाहून थोडे अधिक वेगाने वाहत असेल, तर ते पायांना आणि सायकलीला मिळून सुमारे तीस किलोच्या ओझ्याइतका आडवा रेटा देते. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी जागेवर आहे की वाहून गेली आहे, हे कळत नाही. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो पाऊस झाला त्याने नदीनाल्यांचे रूप घटकाभरात कसे पालटते ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. शाळेतल्या मुलांना हे एक वाक्य पाठ करून द्यावे: फरशीवर पाणी असेल तर घरी उशीर झालेला चालेल. विजा कडाडत असतील तर सायकल सोडून दूर व्हावे, एकट्या झाडाखाली उभे राहू नये, जवळच्या पक्क्या घराचा आसरा घ्यावा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांना एक किलोमीटर, एवढे अंतर समजते.

दिसणे

आता पहिल्या आणि सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीवर येतो. भिजलेला मनुष्य वाळतो. खरचटलेले गुडघे भरून येतात. परंतु मागून येणाऱ्या वाहनाला जो दिसला नाही, त्याला दुसरी संधी नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहा वाजण्याच्या आधीच मावळतो, आणि जानेवारीच्या आरंभी सकाळी सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे सकाळच्या शिकवणीला जाणारी मुले आणि संध्याकाळी कामावरून सुटणारे मजूर, दोघेही अंधारात किंवा संधिप्रकाशात रस्त्यावर असतात. याच दिवसांत खामगावच्या जिनिंगकडे कापसाच्या गाड्या चाललेल्या असतात, ट्रॉल्यांना मागे दिवे असतातच असे नाही, शेगावच्या वाटेने भाविकांच्या पायी दिंड्या निघालेल्या असतात, आणि अवकाळी पावसानंतर पूर्णेच्या खोऱ्यात धुके उतरलेले असते.

आता एका ट्रकचा हिशेब करू. ताशी सत्तर किलोमीटर वेगाचा ट्रक सेकंदाला एकोणीस मीटर पुढे येतो. त्याच दिशेने चाललेली सायकल सेकंदाला चार मीटर पुढे सरकते. म्हणजे दोघांतले अंतर सेकंदाला पंधरा मीटरने तुटते. सायकल दिसणे, ती सायकल आहे हे उमजणे आणि ब्रेकवर पाय पडणे, यांत एक ते दीड सेकंद जातो. तेवढ्यात पंधरा ते तेवीस मीटर गेले. त्यानंतर ओल्या रस्त्यावर वेग मारायला आणखी तीसेक मीटर लागतात. एकूण झाले पंचेचाळीस ते त्रेपन्न मीटर. आणि खाली झुकवलेल्या दिव्याच्या उजेडात काळसर कपड्यातला मनुष्य चालकाला दिसतो साधारण पंचवीस-तीस मीटरांवर. चालक सज्जन असो, निर्व्यसनी असो, जागा असो, हे गणित बदलत नाही. दिसण्याचे अंतर थांबण्याच्या अंतरापेक्षा कमी आहे, तोवर बचाव केवळ दैवावर आहे.

हे अंतर वाढवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. पांढरा किंवा पिवळा सदरा घातला तर ते काहीसे वाढते. प्रकाश परतवणारी पट्टी लावली तर ते शंभर मीटरांच्या पलीकडे जाते. या पट्टीत किंवा लाल काचेत बारीक कोपरे असे कातलेले असतात की दिव्याचा किरण आत आपटून ज्या दिशेने आला त्याच दिशेला, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, परत जातो. तिला ना सेल लागतात ना तेल. फक्त ती पुसलेली असावी लागते. चिखलाने माखलेली काच काळ्या कापडाहून बरी नव्हे. पायडलांवर आणि घोट्यांवर अशा पट्ट्या लावल्या तर आणखी एक लाभ होतो. त्या वरखाली हलतात, आणि ते पाहून चालकाला क्षणात कळते की पुढे मैलाचा दगड नाही, पाय मारणारे माणूस आहे.

मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा हे तर हवेतच. पूर्वी रात्री दिव्यावाचून सायकल नेली की पोलीस हटकत. त्या धाकाने का होईना, घासलेटचा कंदील, पुढे डायनॅमो, घरोघर असे. डायनॅमोचा दोष हा की सायकल थांबली की दिवाही विझे, आणि चौकात थांबलेला मनुष्यच अंधारात राही. आताच्या छोट्या एल.ई.डी. दिव्यांना तो दोष नाही. ते थोड्या विजेवर पुष्कळ तास चालतात. पुढचा दिवा किंचित खाली झुकवावा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत आणि आपल्याला खड्डा, दिवा नसलेली ट्रॉली आणि पायी चालणारा भाविक वेळीच दिसतो.

उजेडही कधी शत्रू होतो. मलकापूर, नांदुरा, खामगाव हा महामार्ग पूर्व-पश्चिम धावतो. हिवाळ्यात सकाळी सूर्य बराच वेळ क्षितिजाजवळ राहतो, आणि पूर्वेकडे जाणाऱ्या चालकाच्या थेट डोळ्यांत शिरतो. यासाठी एक खूण लक्षात ठेवावी. सूर्य आपल्या तोंडासमोर असेल तर मागून येणारा आंधळा आहे, आणि आपली लांब सावली आपल्या पुढे पडली असेल तर समोरून येणारा आंधळा आहे. अशा वेळी रस्त्याच्या कडेचा पट्टा सोडू नये, आणि उजवीकडे वळायचे असेल तर उतरून, दोन्हीकडे पाहून, पायी ओलांडावे.

गावाचे काम

इथवर सर्व भार सायकलस्वारावर टाकला. तो तेवढ्यावर ठेवणे न्यायाचे होणार नाही. हॉलंडमध्ये आणि डेन्मार्कमध्ये पाऊस वर्षभर, आणि थंडी आपल्याहून कितीतरी अधिक. तरी तिथे लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्व बारमाही सायकल चालवतात. त्यांचे रेनकोट आपल्याहून फार निराळे आहेत असे नाही. निराळा आहे तो रस्ता. सायकलीला स्वतंत्र वाट, त्या वाटेवर दिवे, आणि बर्फ पडले तर कोपनहेगनसारख्या शहरात सायकलीची वाटही तत्परतेने मोकळी केली जाते. आपल्याला लगेच तितके साधणार नाही. तथापि शाळेच्या वाटेवरचा बंद दिवा सुरू करणे, डांबराची तुटलेली कड भरून घेणे, फरशीच्या दोन्ही टोकांना खोलीच्या खुणा रंगवणे, या गोष्टी नगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. बाजार समितीत आलेल्या प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल पट्टी लावण्याचा आग्रह व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून धरला, तर एका हंगामात तो परिपाठ होईल. शाळांनी जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीच्या सुटीनंतर एक दिवस सायकल-तपासणीचा ठेवावा. गावातला सायकल-मिस्त्री दोन तासांत पन्नास सायकलींचे ब्रेक पाहून देईल, आणि मुलांनाही ते काम शिकवील.

आणि जे आता चारचाकीतून फिरतात, त्यांनी एवढे करावे की पावसात सायकलीजवळून जाताना वेग कमी करावा आणि हातभर अधिक अंतर सोडावे. डबक्यातून गाडी नेऊन उडवलेले पाणी आपल्याला दिसत नाही. ज्याच्या डोळ्यांत ते जाते तो क्षणभर आंधळा होतो, आणि त्या क्षणात त्याच्या मागे कोणते वाहन आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

मृगाला अजून अवकाश आहे. आज घरी गेल्यावर सायकल भिंतीला टेकवून दोन मिनिटे तिच्याकडे पाहावे. मागची लाल काच आहे का, पुसलेली आहे का? ब्रेकच्या रबराला खाचा शिल्लक आहेत का? मडगार्ड हलते का? घरातली सायकल मुलीची असेल तर तिच्यासमक्ष पाहावे, म्हणजे पुढच्या वर्षी ती स्वतः पाहील. रेनकोटाचे त्यानंतर बघू. एखाद्या दिवशी भिजून घरी आली तरी चालेल, पण ती घरी आली पाहिजे.